सतराव्या मंडळाची चिठ्ठी

लेझीम मंडळात प्रवेश मिळाला म्हणून कुणाची नाचणी हातची जाते का? तुमच्या गावात जात नसेल. मंगळावरच्या गेरूवाडीत मात्र जायची वेळ आली, आणि तीही केतकी ओगलेची! आजवर या मुलीच्या हातून साधी बशी निसटली नव्हती, म्हणून सगळ्यांनाच नवल वाटले.

आधी गेरूवाडीची ओळख करून घेऊ. मंगळाच्या तांबड्या जमिनीखाली खोदून वसवलेली ही वस्ती. माणसे थोडी आणि कामे डोंगराएवढी, त्यामुळे एकाने एकच काम धरून बसायचे ही चैन इथे परवडत नाही. म्हणून प्रत्येक कामाचे एक मंडळ. पाणी मंडळ, हवा मंडळ, दारे-झडपा मंडळ, भोजन मंडळ, अगदी रुसवेफुगवे मिटवणारे समेट मंडळसुद्धा. चार गेरूवाडीकर एकत्र आले की पाचवा येण्याआधी मंडळ स्थापन होते, अशी शेजारच्या वस्तीतले लोक चेष्टा करतात. गेरूवाडीकरांना तिचा राग येत नाही, उलट छाती फुगते.

मोठ्या माणसांना पाळीची कामे असतात, त्यामुळे ती आठ-दहा मंडळांपलीकडे जात नाहीत. मुलांना मात्र मोकळीक आहे. जितके शिकता येईल तितके शिका, असे वस्तीचे धोरण. केतकी ही गेरूवाडीत जन्मलेली पहिली मुलगी. पृथ्वीच्या हिशेबाने ती अकरा वर्षांची. मंगळाचे वर्ष जवळजवळ दुप्पट लांब असल्यामुळे तिथल्या हिशेबाने तिला सहावेही पुरे झाले नव्हते, पण हे तिला कुणी सांगितलेले आवडत नसे. दिसले मंडळ की शीर, असा तिचा खाक्या. सोळा मंडळांत ती होती, आणि काल तिला लेझीम मंडळानेही घेतले. मंडळाचे प्रमुख बाबुरावकाकांनी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. मंगळावर उडी मारली की खाली यायला वेळ लागतो, म्हणून तिथल्या लेझमीचा ताल ओढून धरावा लागतो. तो केतकीला साधला होता. ती रात्रभर झोपेतही पाय उडवत होती म्हणे.

सकाळी ती नाचणीच्या वाफ्याकडे गेली. हा वाफा तांबडमाती मंडळाचा. मंगळाच्या मातीत विषारी क्षार असतात. ते धुऊन काढायचे आणि त्या मातीत पीक घ्यायचे, हे या मंडळाचे काम. वस्तीतले हे सर्वांत नवे मंडळ. केतकीने स्वतः पेरलेली नाचणी आता कणसे बाहेर टाकू लागली होती. अशा वेळी पाणी वाढवावे लागते. पाणी सोडायचे ते यंत्राने, आणि यंत्राला सांगायचे ते एका फाइलमध्ये लिहून. मंडळाचा नियम असा, की ज्याचा वाफा, सूचना त्याच्याच हातची.

केतकीने पडद्यासमोर बसून फाइल मागितली. पडद्यावर उत्तर आले, 'परवानगी नाही.'

तिने पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

"काय गं केतके, हात का थांबले?" विभावरीमावशी मागून म्हणाल्या. त्या तांबडमाती मंडळाच्या प्रमुख. कामाला वाघ आणि रागाला त्याहून मोठा वाघ.

"मावशी, फाइल उघडत नाहीये."

मावशींनी स्वतःच्या नावाने मागितली. लगेच उघडली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "राजीनामा देऊन बसलीस की काय? लेझीम मिळालं, आता माती कशाला हवी!"

"मी कशाला देऊ राजीनामा? तुम्हीच नाव काढलं असेल माझं!"

"मी?" मावशींचा आवाज चढला. त्यांनी तिथल्या तिथे वस्तीची नामावली (कोण कुठल्या मंडळात आहे, याची अधिकृत यादी) पडद्यावर आणली. तांबडमाती मंडळात केतकीचे नाव जिथल्या तिथे होते. दोघींनी ते नाव पुन्हा एकदा वाचले. रागवायचे कुणावर तेच कळेना.

"हे बघ," मावशी म्हणाल्या, "कालपर्यंत उघडत होतं, लेझीममध्ये गेलीस आणि बंद पडलं. कारण मला ठाऊक नाही, पण उपाय दिसतोय. लेझीम सोड. नाही तर हा वाफा सोड. संध्याकाळी पाण्याची वेळ होईपर्यंत तुझ्या हातानं लिहिता आलं तर वाफा तुझा. नाही तर मी लिहीन, आणि उद्यापासून वाफा दुसऱ्याच्या नावावर. पीक काही आपल्या भांडणासाठी थांबत नाही."

केतकीला एकदम रडू आले. संध्याकाळी पृथ्वीवरून आलेल्या नव्या लोकांच्या स्वागताला ती लेझीम खेळणार होती. आणि ही नाचणी म्हणजे मंगळावर जन्मलेल्या माणसाने मंगळाच्या मातीत काढलेले पहिले पीक. यातले काय सोडायचे? तिला दोन्ही हवे होते, आणि दोन्ही तिने मेहनतीने मिळवले होते.

ती धावत निघाली ती आजोबांकडे.

भालचंद्र ओगले म्हणजे गेरूवाडीचे संगणक-शास्त्रज्ञ. वस्तीचा सर्व्हर (सगळ्यांच्या फाइली सांभाळणारे मध्यवर्ती यंत्र) त्यांनीच पृथ्वीवरून आणला होता, तोही स्वतःच्या कपड्यांच्या वजनात काटछाट करून. लोक त्याला लाडाने 'कोठी' म्हणत. आपल्या कोठीने आजवर एकालाही चुकीने परत पाठवलेले नाही, हे आजोबा आल्यागेल्याला ऐकवत. त्यामुळे केतकीची हकिकत ऐकून त्यांचा चष्माच नाकावरून घसरला.

"माझी कोठी? माझ्याच नातीला?"

"हो! आणि आता मला एक मंडळ सोडावं लागणार."

"सोडायची भाषा नंतर. रडायचं असेल तर रड, पण मोजत मोजत रड. एकेका मंडळाची फाइल माग बघू."

केतकीने डोळे पुसले आणि सुरुवात केली. पाणी, हवा, झडपा, भोजन... सगळ्या मंडळांच्या फाइली मुकाट्याने उघडल्या. लेझीम मंडळाचीही उघडली. तांबडमाती तेवढी अडली.

"आता एक प्रयोग," आजोबा म्हणाले. "थोडा वेळ तुझं नाव लेझीममधून काढतो. ओरडू नकोस, परत घालतो."

त्यांनी नाव काढले आणि केतकीला पडद्यावर पुन्हा नव्याने प्रवेश करायला लावला. तांबडमातीची फाइल उघडली! केतकीचे तोंड उतरले. म्हणजे मावशींचे खरे होते तर.

"इतक्यात निकाल लावायचा नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी तिचे नाव लेझीममध्ये परत घातले आणि या वेळी पाणी मंडळातून काढले. केतकीने पुन्हा प्रवेश केला. तांबडमाती पुन्हा उघडली. मग पाणी परत घालून झडपा मंडळातून काढले. तरी उघडली.

केतकी विचार करू लागली. कुठलेही एक मंडळ काढले की फाइल उघडते. मग लेझीमचा काय दोष? ती ताडकन उभी राहिली. "आजोबा, भांडण लेझीमशी नाहीच! संख्येशी आहे. सोळा मंडळं चालतात, सतरावं झालं की बिघडतं!"

आजोबांनी तिच्याकडे असे पाहिले, की तेवढ्यावर ती आठवडाभर न जेवता राहिली असती. मग ते समजावून सांगू लागले.

"तुझ्या फाइली तुला वाटतं तुझ्या पडद्यात आहेत. त्या असतात कोठीत, लांब. मधे आहे नेटवर्क (यंत्रांना एकमेकांशी जोडणारं जाळं). याला जाळ्यावरची फाइल-व्यवस्था म्हणतात. फाइल दूर, पण वापरणाऱ्याला वाटतं हाताशी आहे. तू फाइल मागितलीस की तुझा पडदा कोठीला एक चिठ्ठी पाठवतो. त्या चिठ्ठीत तुझा क्रमांक असतो, तुझ्या घरचा गट असतो, आणि खाली तुझ्या मंडळांचे क्रमांक. कोठी चिठ्ठी वाचते, फाइल कुठल्या मंडळाची आहे ते बघते, आणि जुळलं तर उघडते. याला ओळख पटवणं म्हणतात."

"मग माझी ओळख का पटत नाही?"

"कारण चिठ्ठीवर मंडळांसाठी रकाने सोळाच आहेत."

"आणि सतरावं?"

"सतराव्याला जागा नाही. पडदा ते लिहीतच नाही. 'राहिलं बरं का' असं सांगतही नाही, नुसता गप्प बसतो. ही त्याची खोड."

केतकीला एक गोष्ट अजून खटकत होती. "पण सतरावं तर लेझीम आहे. मग गळायला हवं होतं लेझीम. तांबडमाती का गळलं?"

आजोबा खूश होऊन टाळी वाजवत म्हणाले, "हा खरा प्रश्न! आपली मंडळं स्थापनेच्या क्रमानं मोजलेली. पाणी मंडळ पहिलं. लेझीमही जुनं, पहिल्या यानातल्या लोकांनी काढलेलं, त्यामुळे त्याचा क्रमांक लहान. पडदा तुझी मंडळं लहान क्रमांकापासून मोठ्याकडे लावतो आणि पहिली सोळा लिहितो. लेझीम मधेच घुसलं, आणि सर्वांत मोठ्या क्रमांकाचं तांबडमाती शेवटून ढकललं गेलं."

म्हणजे कुणी कुणाचे नाव काढले नव्हते. केतकीला सकाळचे आपले बोलणे आठवले आणि मावशींबद्दल वाईट वाटले.

"सोळाच रकाने ठेवणारा कोण शहाणा?" तिने विचारले.

"शहाणाच होता गं. फार जुन्या काळी पृथ्वीवर ही चिठ्ठी ठरली. एका माणसाला सोळा गट म्हणजे तेव्हा चिक्कार वाटले असतील. गेरूवाडीत केतकी ओगले जन्माला येणार, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं."

"मग आपण चिठ्ठी लांब करू या!"

"नाही करता येत. सगळ्या पडद्यांना आणि यंत्रांना ही एकच चिठ्ठी कळते. आपण लांब केली तर समोरचा म्हणेल, हे कसलं भेंडोळं? वाचणारच नाही."

"मग तांबडमातीची फाइल सगळ्यांना उघडी करा."

आजोबांनी मान हलवली. "सोपं आहे, आणि म्हणूनच करायचं नाही. उद्या कुणी गंमत म्हणून तुझ्या वाफ्यात पाण्याचा पूर सोडला तर? एका माणसाची अडचण झाली म्हणून सगळ्या घराचं दार काढून ठेवत नाहीत."

केतकी चिडली. आता चिडली की ती जरा तोऱ्यात बोलते, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. "पण ही यादी मी कशाला घेऊन फिरायची? नामावली इथेच आहे ना, या खोलीत? मी केतकी आहे एवढं सांगितलं की पुरे! मी कुठल्या मंडळात आहे, ते कोठीनं आपलं आपण बघावं!"

आजोबा मोठ्याने हसू लागले.

"हसताय काय?"

"अगं, हेच तर उत्तर! चिठ्ठीत तू कोण आहेस एवढंच वाचायचं. खालची मंडळांची यादी सोडून द्यायची. कोठीनं स्वतः नामावलीला विचारायचं, की या क्रमांकाचा माणूस कुठल्या कुठल्या मंडळांत आहे. मग सोळा असोत, साठ असोत, चिठ्ठीचा संबंधच उरत नाही. चिठ्ठीत कुणी खोटंच मंडळ लिहून पाठवलं, तर तेही चालणार नाही. कोठीत ही सोय आहे, केतकी. मी वापरलीच नव्हती, कधी गरजच पडली नाही. आणि मलाही इतक्या वेळात आठवली नाही, ती तू नुसत्या रागानं शोधून काढलीस!"

"आणि 'मी केतकी आहे' असं दुसऱ्याच कुणी सांगितलं तर?"

"ते तपासायचं शास्त्र वेगळं. तो दुसरा पाठ. आधी हा पुरा करू."

त्यांनी कोठीच्या मांडणीत बदल केला आणि ऐटीत खुर्चीत मागे टेकले. केतकीने फाइल मागितली. 'परवानगी नाही.'

पाठोपाठ आजोबांच्या टेबलावरच्या फोनची घंटा वाजली. भोजन मंडळातून कुणीतरी ओरडत होते, "आमच्या मापांची फाइल उघडत नाही! कणीक तिंबायची कशी?" मग पाणी मंडळ. मग हवा मंडळ. सगळ्या गेरूवाडीला एकाच वेळी कोठीने हाकलून दिले होते. ओगलेआजोबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आधी एकटी केतकी, आणि आता त्यांच्या कोठीने चुकीने सगळ्यांनाच परत पाठवले होते.

"पूर्ववत करतो," ते घाईने म्हणाले.

"थांबा!" केतकीने त्यांचा हात धरला. "आधी मला विचारू द्या. कोठी आता नामावलीला विचारते ना? पण नामावली तर दुसऱ्या यंत्रात आहे. ती कुठे आहे, हे कोठीला कुणी सांगितलंय का?"

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. कोठी आजवर चिठ्ठीवर विश्वास ठेवत आली होती. नामावलीशी तिची कधी ओळखच करून दिलेली नव्हती. आता चिठ्ठीतली यादी सोडून द्यायची आणि स्वतःकडे काहीच नाही, म्हणून तिच्या मते गेरूवाडीत कुणीच कुठल्या मंडळात नव्हते. गेरूवाडीकरांचा याहून मोठा अपमान कुणी केला नसेल!

आजोबांनी कोठीला नामावलीचा पत्ता दिला. "दर वेळी विचारायला जाण्यात वेळ जातो," ते बोटे चालवता चालवता सांगत होते, "म्हणून कोठी मिळालेलं उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवेल. त्यामुळे नव्या माणसाचं नाव घातलं की ते कोठीला कळायला जरा उशीर लागेल. एवढी किंमत मोजायची. माग आता."

केतकीने फाइल मागितली. उघडली. लेझीम मंडळाची मागितली. तीही उघडली. घंटा गप्प झाली होती आणि भोजन मंडळात कणीक तिंबली जात होती.

आजोबांना काही बोलायचे होते, पण केतकीने घड्याळ पाहिले आणि ती सुटलीच. पाण्याची वेळ होत आली होती. लांब लांब उड्या टाकत ती वाफ्याशी पोचली, तेव्हा विभावरीमावशी पडद्यासमोर बसून होत्या. त्यांनी अजून काही लिहिले नव्हते. त्यांचे मन लिहायला धजत नव्हते, हे स्पष्ट दिसत होते.

"मावशी, उठा! मी लिहिते!"

मावशी उठल्या. केतकीने फाइल उघडली आणि आपल्या हाताने पाणी वाढवले. जरा वेळाने नळ्यांतून पाणी सळसळत वाफ्यात उतरले आणि तांबडी माती काळपट ओली झाली. केतकीने एका दमात सगळी हकिकत सांगितली, चिठ्ठी, रकाने, सगळे. "तुम्ही माझं नाव काढलं असं मी म्हटलं. चुकलं माझं."

"आणि मी म्हटलं तू माती सोडलीस." मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढ्या मंडळांत आहेस की कोठीचं गणित कोलमडलं! आणि त्यातलं एक माझं. अभिमानच वाटला पाहिजे मला. पळ आता, लेझीम सुरू होईल."

मोठ्या घुमटाखाली सारी गेरूवाडी जमली होती. नवे पाहुणे पुढे बसले होते. पहिल्यांदा खेळणाऱ्याने आधी पुढे येऊन आपले नाव आणि आपली सगळी मंडळे मोठ्याने सांगायची, अशी लेझीम मंडळाची रीत. बाबुरावकाकांनी खूण केली. केतकी पुढे आली. धावून धावून तिला धाप लागली होती.

"मी केतकी ओगले," ती म्हणाली, आणि पुढे तिच्याने बोलवेना. श्वासच पुरेना. ती नुसती छातीवर हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात डाव्या बाजूने कुणीतरी ओरडले, "पाणी मंडळ!" मग मागून आवाज आला, "हवा मंडळ!" भोजन मंडळाने तर हातातल्या थाळ्याच वाजवल्या. झडपावाले उभे राहून ओरडले. ज्या ज्या मंडळाची ती होती, त्या त्या मंडळाची माणसे आपल्या मंडळाचे नाव पुकारत होती, आणि केतकी सगळ्यांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. आजोबा पाहुण्यांना दंडाला धरून सांगत होते, "माझी नात! माझी नात आहे ती!" त्यांच्या शेजारी बसलेल्या एका चिमुरडीने त्यांचा सदरा ओढला आणि विचारले, "मला किती मंडळांत जाता येईल?"

"हवं तितक्या," आजोबा म्हणाले. "तू नुसतं शिकत जा. लक्षात ठेवायला कोठी आहे."

आवाज हळूहळू थांबले. बाबुरावकाका इशारा देणार, इतक्यात मागच्या दारातून, हाताला ओली माती तशीच असलेल्या विभावरीमावशी आत आल्या. त्यांनी एकदा सगळीकडे पाहिले आणि साऱ्या घुमटात घुमेल अशा आवाजात पुकारले, "तांबडमाती मंडळ!"

केतकी हसली आणि तिने लेझीम उचलली.